जेवणानंतर विचारायचा शब्द

ऑस्टरहाव्हन, २ नोव्हेंबर

प्रिय याकोमिना,

या पत्रांतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. मनात काहीही उरलेले नसताना माणूस नेमून दिलेले रोजचे काम करीत राहिला, तर ते ढोंग ठरत नाही. आणि तेवढ्याच आधारावर तो तरून जाऊ शकतो. तू याच्या नेमके उलट विधान करून घर सोडलेस. सिद्धतेचा भार त्यामुळे माझ्यावर येतो.

तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. कोटाची बटणे लावीत तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही माणूस नाही, घड्याळ आहात. घरात कुणी मेलं तरी ठोके देणार."

ज्या प्रसंगावर हे विधान उभे आहे तो आधी मांडतो, म्हणजे निदान घडलेल्या गोष्टींविषयी आपल्यात वाद राहणार नाही. या घरात दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणानंतर पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचला जातो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मधले काही गाळायचे नाही, आवडीचे काही निवडायचे नाही. वाचन संपले की टेबलावरच्या सर्वांत लहान माणसाला शेवटचा शब्द विचारायचा, म्हणजे शरीराबरोबर कानही टेबलावर होते की नाही ते कळते. माझ्या वडिलांनी मला विचारला, मी माझ्या मुलाला, लेंडर्टला, विचारला, पुढे तुमच्या योस्तला.

योस्त कधीच ऐकत नसे. पाच वर्षांचा असल्यापासून तो बेधडक "परमेश्वर" असे ठोकून द्यायचा. शास्त्रात हा शब्द इतक्यांदा येतो की त्याचे उत्तर पुष्कळदा बरोबर निघे. एकोणीस वर्षांचा झाला, बोटीवरून चिखलाचे हात धुऊन जेवायला बसू लागला, तरी उत्तर तेच. आणि उत्तर दिल्यावर तुला डोळा मारणेही तेच. मी ते पाहत नाही असे तुम्हा दोघांना वाटे.

त्याला पुरून आपण परतलो त्या संध्याकाळी क्रमाने वंशावळीचा अध्याय आला. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला, दुसरे काही नाही. मी तो पुरा वाचला. वाचून झाल्यावर त्याच्या खुर्चीकडे पाहून म्हणालो, "शेवटचा शब्द, योस्त?" हे मी सवयीने विचारले. सवय हे कारण आहे. ती सबब आहे असे मी म्हणत नाही. तुझ्या हातातला वाढायचा डाव खाली पडला, आणि दुसऱ्या सकाळच्या बसने तू ग्रोनिंगेनला बहिणीकडे गेलीस.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. परंतु लेंडर्ट तुझा नवरा आहे, आणि त्याची स्थिती तुला कळवणे मी माझे कर्तव्य समजतो. पुरल्याच्या दिवसापासून तो बोललेला नाही. खाणे म्हणावे असे खात नाही. डॉक्टरांनी दाराशी उभे राहून, आवाज खाली आणून, पाण्याचा उल्लेख केला. याला एकटे सोडू नका, असेच चालले तर इस्पितळात हलवावे लागेल, असे म्हणाले.

मी त्याच्यावर एकच आज्ञा घातली आहे. मी म्हणालो, "बारा वाजता आणि सहा वाजता खुर्चीवर येऊन बस. खाल्लं नाहीस तरी चालेल. पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसायचं, इतकंच." त्याने मान हलवली नाही. पण बारा वाजता तो आला.

क्रायन मिनार्ड


१५ नोव्हेंबर

प्रिय याकोमिना,

पहिल्या पत्राचे उत्तर आले नाही. मौन म्हणजे खंडन नव्हे, म्हणून पुढे लिहितो.

लेंडर्ट येतो, बसतो, हात मांडीवर ठेवतो. मी प्रार्थना म्हणतो, वाढतो, जेवतो, वाचतो. मग शेवटचा शब्द विचारतो. टेबलावर आता तोच सर्वांत लहान आहे. तो समोरच्या मीठदाणीकडे पाहत राहतो. मी बेताचा वेळ थांबतो, उपकाराची प्रार्थना म्हणतो आणि तो उठतो. कधी दोन चमचे जातात, कधी तेही नाही. जेवणांच्या मधल्या वेळात तो समुद्रबांधावर जातो आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाहत उभा राहतो. मी शंभर पावले मागे उभा असतो. एकोणऐंशीव्या वर्षी हवा खायला इतक्यांदा बाहेर पडणारा माणूस गावाने पाहिलेला नाही, त्यामुळे कुणाला फसवण्याचा प्रश्न येत नाही.

शेजारची नेल एक दिवसाआड वाटाण्याचे सूप आणून देते, आणि सूप ठेवले की बोलते.

"मास्तर, कुठवर आलं वाचन?"

"राजांपर्यंत."

"अजून राजेच? त्या मेलेल्या राजांच्या यादीनं पोराच्या पोटात काय जाणार? गोड स्तोत्रं वाचा की जरा."

"क्रमाने येतील तेव्हा वाचीन."

"आणि तोवर पोरगं राहिलं नाही तर?"

मी सुपावर झाकण ठेवले. ती दारातून वळून म्हणाली, "तुमच्या त्या सरळ रेषेवर कपडे वाळत घालावेत, मास्तर. दुसऱ्या कशाला उपयोगी नाही ती."

पाळकसाहेबही येऊन गेले. चर्चच्या मंडळीतल्या पंचांपैकी, वडिलांपैकी, मी एक आहे, त्यांच्या प्रवचनांतली विसंगती तीस वर्षे त्यांना दाखवीत आलो आहे. त्यामुळे ते माझ्याशी जपून बोलतात. त्यांनी विचारले, "मास्तर, तुम्ही स्वतः प्रार्थना करू शकता का?" मी म्हणालो, "शब्द म्हणतो." ते म्हणाले, "आणि?" मी म्हणालो, "आणि काही नाही. पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. मी हजेरी लावतो."

हे तुला कळवतो, कारण तू ढोंगाचा आरोप केला होतास. ढोंग म्हणजे नसलेले आहे असे दाखवणे. माझ्याजवळ नाही ते आहे, असे मी कुणालाही दाखवलेले नाही. हा मुद्दा माझ्या बाजूने नोंदवावा.

क्रायन मिनार्ड


२४ नोव्हेंबर

प्रिय याकोमिना,

तुझे कार्ड मिळाले. त्यावर एकच ओळ आहे: "त्या पुस्तकापाशी पोचलात की काय करणार?"

हा प्रश्न तू विचारणार हे मला ठाऊक होते. तूही या टेबलावर वीस वर्षे बसली आहेस, क्रम तुलाही पाठ आहे. राजे संपले. आता पडलेली तटबंदी पुन्हा बांधणाऱ्यांचे पुस्तक चालू आहे. त्यानंतर राणीचे छोटे पुस्तक. आणि त्यानंतर त्या माणसाचे, ज्याची सगळी मुले एका वादळात, एका दिवसात गेली. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. पहिल्याच अध्यायात एकामागून एक निरोप्ये येतात, शेवटचा मुलांची बातमी आणतो, आणि तो बाप जमिनीवर पडून देणाऱ्याचे आणि नेणाऱ्याचे नाव धन्य म्हणतो.

माझे उत्तर असे: वाचीन. जो नेम दुःखात मोडतो तो नेम नव्हता, सोय होती. शिवाय क्रम मी ठरवलेला नाही, म्हणून कोणता अध्याय कुणावर पडला याचा दोषही माझा नाही. हे उत्तर मला निर्दोष वाटते. तरी कार्ड आल्यापासून मी ते बऱ्याच वेळा मनात मांडून पाहिले आहे, हेही सांगतो.

आता काल घडलेले. दुपारचे बारा वाजले आणि लेंडर्ट आला नाही. आज्ञा घातल्यापासून असे प्रथमच झाले. बटाटे टेबलावर होते. नेमाप्रमाणे मी प्रार्थना म्हणून जेवायला बसायला हवे होते. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

धुके होते. बांधाच्या माथ्यावरून मला तो खाली, तुझ्या वडिलांच्या बोटीच्या पलीकडे, चिखलात दिसला. गुडघ्याच्या वर रुतला होता आणि तोंड पाण्याकडे. भरती वळली होती. या किनाऱ्यावर भरती कशी येते ते तुला सांगायला नको. हाक ऐकू जाईल असे आसपास कुणी नव्हते, आणि माझ्या पायांना त्या चिखलात दहा पावलेही गेली नसती.

त्या क्षणी त्याला काय सांगावे याचा मी विचार केला. तुझा दोष नाही, असे सांगता आले असते. जाळ्याची तार सुटून योस्तला लागली तेव्हा यंत्राचा दांडा लेंडर्टच्या हातात होता, आणि कुणाच्याही हातात असता तरी ती सुटलीच असती. त्याची गेलेली आई वर वाट पाहते आहे, असे सांगता आले असते. पण मेलेली माणसे वाट पाहतात का, हे मला माहीत नाही. देव पाहतो आहे, हे मला सांगता आले नाही. घशातून निघाले ते एवढेच:

"लेंडर्ट, बारा वाजले."

तो हलला नाही. मी पुन्हा म्हणालो, "बारा वाजून गेले. बटाटे निवतायत."

तो वळला. आधी एक पाय उपसला, मग दुसरा. एक बूट चिखलातच राहिला. बांधावर येऊन तो माझ्या पुढे घरी चालू लागला, अनवाणी एका पायाने. नेल कुंपणाशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाली, "मास्तर, टोपी उलटी घातलीय तुम्ही."

जेवण झाले. तटबंदीचा कोणता भाग कुणी बांधला याचा अध्याय होता. शेवटचा शब्द विचारला. उत्तर आले नाही.

माझा मुद्दा यातून सिद्ध होतो, असे माझे म्हणणे आहे. त्याला चिखलातून बाहेर काढले ते प्रेमाच्या शब्दाने नव्हे, जेवणाच्या वेळेने. असे असूनही घरी आल्यावर मला बटाटे धड वाढता आले नाहीत. लेंडर्टने माझ्या हातून डाव घेतला.

क्रायन मिनार्ड


३ डिसेंबर

याकोमिना,

आज थोडक्यात लिहितो.

राणीचे पुस्तक संध्याकाळी संपले. त्याचा शेवटचा अध्याय तीन वचनांचा आहे, म्हणून मी तयारी केली नव्हती. शेवटचे वचन वाचता वाचता त्यातला शेवटचा शब्द दिसला. तो आपल्या शास्त्रात 'बीज' असा आहे. तिथे अर्थ वंश, संतती असा आहे. पण या गावात हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येते ते मी तुला, शिंपलेवाल्याच्या मुलीला, काय सांगू? शिंपल्यांची बी, ती नखाएवढी पिल्ले, काढायला गेले होते दोघे त्या दिवशी. लेंडर्ट घरातून निघताना योस्तला म्हणाला होता, "चल, बीज भरून आणू, पाऊस येईतो परतू."

मी शब्द वाचला. मग पुस्तक मिटले आणि उपकाराची प्रार्थना म्हटली. शेवटचा शब्द विचारला नाही.

लेंडर्टने मान वर केली. किती तरी दिवसांनी त्याने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा पेला उचलला.

डॉक्टर सोमवारी येतील. त्याला नेण्याची चिठ्ठी बरोबर आणणार आहेत. मी आड येणार नाही. माझी घडी, माझा नेम, माझे बटाटे त्याला पुरले नाहीत हे मला दिसते आहे. आणि तरीही उद्या बारा वाजता त्याच्या पुढे तो बाप उघडायचा आहे, ज्याला मुलांची बातमी दारात मिळाली आणि ज्याने धन्यवाद दिला. मला ते जमणार नाही. तुझ्या कार्डाला मी दिलेले उत्तर मागे घेतो. उद्या मी ते पुस्तक ओलांडून स्तोत्रांवर जाणार आहे. नेलला आनंद होईल.

तुला जिंकल्यासारखे वाटेल, तर वाटू दे.

क्रायन मिनार्ड


५ डिसेंबर

प्रिय याकोमिना,

काल दुपारी जे झाले ते क्रमाने सांगतो. अर्थ मी शेवटी काढीन. किंवा काढणार नाही.

सूप होते. लेंडर्टने चमचा उचलला नाही. जेवण झाल्यावर मी पुस्तक घेतले, रिबिनीची खूण काढली, पानांचा एक जुडगा एकदम उलटला आणि पहिले स्तोत्र वाचले. आवाज स्थिर होता असे मला वाटते. मग, आदल्या संध्याकाळी न विचारल्याची भरपाई म्हणून, विचारले, "शेवटचा शब्द?"

लेंडर्टने टेबलावरून हात पुढे केला. पुस्तक आपल्याकडे ओढले आणि पाने मागे उलटू लागला. त्याच्या बोटांच्या भेगांतला चिखल अजून गेलेला नाही. जिथे राणीचे पुस्तक संपते तिथे थांबून त्याने पानावर बोट ठेवले.

"एक पुस्तक राहिलं," तो म्हणाला.

सात आठवड्यांनी ऐकलेला आवाज. गंजल्यासारखा होता.

मी म्हणालो, "माहीत आहे."

"तुम्ही कधी गाळत नाही."

"आज गाळलं."

"का?"

"तुझ्यासाठी."

त्याने पानावरचे बोट उचलले नाही. "माझ्यासाठी गाळलंत, मग मी इथे कशाला येऊन बसत होतो, बाबा?" आणि थोड्या वेळाने, "सगळं हललं. बोट, याकोमिना, सगळं. एवढं एकच हललं नव्हतं."

युक्तिवाद शिकवण्यात माझे आयुष्य गेले, याकोमिना. काल मला त्यातला एकही आठवला नाही.

तो पुढे म्हणाला, "काल तुम्ही विचारलंच नाहीत."

"नाही विचारलं."

"बीज होता शब्द. मी सांगणार होतो. मी तयार होतो, आणि तुम्ही पाणी प्यायलात."

मी त्याच्यावर दया केली असे मला वाटत होते. ती दया त्याच्या तोंडातला पहिला शब्द हिरावून घेऊन गेली. मग तो म्हणाला, "वाचा ते," आणि पुस्तक माझ्याकडे सरकवले. मी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. अक्षरे जागेवर राहीनात. त्याने माझी अवस्था पाहिली, पुस्तक परत घेतले आणि स्वतः वाचू लागला. शाळेत होता तेव्हा वाचायचा तसा, बोट ओळीखाली धरून.

पहिला निरोप्या आला, दुसरा आला. मुलांच्या निरोपाशी तो थांबला. बाहेर कुणी तरी हातगाडी नेत होते. ती पुढे जाईपर्यंत तो थांबून राहिला. मग त्याने ते वाक्य वाचले, आणि त्यापुढचे, ज्यात तो बाप जमिनीवर पडतो. तिथे त्याचा आवाज पडला, पण तो वाचत राहिला. अध्याय पुरा केला. धन्यवादाचे वाक्य त्याने मनापासून वाचले असे मी म्हणणार नाही. त्याने ते वाचले, कारण ते पुढचे होते.

मग पुस्तक मिटून, माझ्याकडे पाहून, तो म्हणाला, "शेवटचा शब्द, बाबा?"

मी ऐकलेले नव्हते. हातगाडीनंतरचे एकही अक्षर माझ्या कानांत शिरलेले नव्हते. माझ्या तोंडून निघून गेले, "परमेश्वर."

"चूक," लेंडर्ट म्हणाला.

आणि मग, "योस्तचं निम्म्या वेळा तरी बरोबर यायचं."

त्याच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा, हे मी ठरवू शकत नाही. माझ्याही घशातून तसाच काही आला. मग त्याने समोरचे सूप ओढले. ते पार निवले होते, वर साय धरली होती. ते त्याने सगळे खाल्ले, आणि भाकरीचा तुकडा फिरवून वाडगाही पुसला. नंतर उपकाराची प्रार्थना मला म्हणावी लागली. शब्द नेहमीचेच होते. पलीकडे कुणी आहे असे वाटले का, असे पाळकसाहेब विचारतील. मी सांगेन की मी पलीकडे पाहत नव्हतो, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाहत होतो.

याला बरे होणे म्हणू नकोस. काल संध्याकाळी त्याने पुन्हा काही खाल्ले नाही, आणि आज पहाटे तो बांधावर होता. डॉक्टर सोमवारी येणार आहेत, आणि चिठ्ठी आणायला मी त्यांना मना केलेले नाही. पण काल सहा वाजता तो आपण होऊन आला, रिबिनीची खूण त्याने काढली, आणि दुसरा अध्याय त्यानेच वाचला. त्यात मित्र येतात आणि जमिनीवर त्याच्याजवळ बसून राहतात, कुणी एक शब्द बोलत नाही. पुढे ते बोलू लागतात आणि सगळे बिघडवतात. तो भाग आज संध्याकाळपासून येईल. मला तो ऐकून घ्यावा लागणार.

जे सिद्ध करायला मी निघालो होतो ते सिद्ध झाले, पण मी ते केलेले नाही. परीक्षेच्या वेळी नेम मी मोडला आणि लेंडर्टने पाळला. निष्कर्ष टिकतो, साक्षीदार बदलावा लागतो.

पहिल्या पत्रात मी लिहिले होते, की मी तुझ्याकडे काही मागत नाही. आता मागतो. ये. माझ्याशी बोलू नकोस हवे तर. बारा वाजता आणि सहा वाजता टेबल मांडलेले असते. कोणत्याही दिवशी आलीस तरी आदल्या जेवणाला जिथे थांबलो असू, तिथूनच वाचन पुढे चाललेले असेल. खुर्ची कुणी हलवलेली नाही.

एक दुरुस्ती राहिली. ती नोंदवून सही करतो, म्हणजे या पत्रांत खोटे काही उरणार नाही.

२ नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिले आहे, की पुरल्याच्या संध्याकाळी मी योस्तला शेवटचा शब्द सवयीने विचारला. 'सवयीने' हा शब्द चूक आहे. खुर्ची रिकामी आहे, हे मला दिसत होते. त्याने आणखी एकदा "परमेश्वर" म्हणावे, असे मला वाटत होते.

क्रायन मिनार्ड